सकाळी मावतं, संध्याकाळी मावत नाही

मारुती ईको कार्गो रिकामी उभी असते तेव्हा तिच्यात अख्खा वन-आरके मावेल असं वाटतं. हा भास सोफा धुण्याचं पहिलं मशीन आत चढेपर्यंत टिकतो. गाडीची बाहेरची लांबी 3675 मिलीमीटर, रुंदी 1475. त्यातून पुढची दोन माणसं, त्यांच्या सीटखाली दडलेलं इंजिन आणि गाडीचं नाक वजा केलं की उरतं ते आपलं. त्यातही भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप धरून 'बसतंय की निवांत' म्हणणारा माणूस मागच्या चाकांचे उंचवटे विसरलेला असतो. रुंदी मोजायची ती दोन उंचवट्यांच्या मधली. उंची मोजायची ती छताची नव्हे, दाराच्या चौकटीची. आत मावेल पण दारातून शिरणार नाही अशी वस्तू म्हणजे जुन्या वाड्याच्या माडीवरचं सागवानी कपाट. ते वर कसं गेलं हे कोणालाच सांगता येत नाही, आणि खाली आणायचं म्हटलं की सगळ्यांचे फोन वाजतात.

सोफा-कार्पेट धुण्याच्या आमच्या धंद्याला लागतं तरी काय? ग्राहकाला वाटतं, बादली आणि ब्रश. प्रत्यक्षात एक सिंगल डिस्क मशीन, म्हणजे 17 इंची गोल ब्रशचं, चाळीसेक किलोचं आणि स्वतःची ठाम मतं असलेलं. एक ओलं-सुकं व्हॅक्यूम, दोन मोटरचं, 60 लिटरच्या टाकीचं. पाणी फवारून लगेच ओढून घेणारं एक्स्ट्रॅक्शन मशीन. धुतलेलं वाळवायला गोगलगायीच्या आकाराचे दोन ब्लोअर. दहा मीटर सक्शन पाइप, कार्पेटसाठी लांब दांड्याचं सक्शनचं तोंड म्हणजे वाँड, सोफ्यासाठी तेच आखूड म्हणजे हँड-टूल, एक्स्टेन्शन बोर्ड, पाच लिटरचे सहा कॅन, दोन बादल्या, मायक्रोफायबरच्या फडक्यांचं गाठोडं आणि एक हेल्पर. हेल्पर सोडून बाकी कशालाच घडी पडत नाही.

अमेरिकेत हाच धंदा करणारे लोक मोठ्या व्हॅनमध्ये इंजिनावर चालणारं मशीन कायमचं बसवतात, त्याला ट्रक-माउंट म्हणतात. गाडी दारात उभी करायची, पाइप ओढत घरात न्यायचा, गरम पाणी आत, घाण पाणी गाडीतल्या टाकीत. त्यांचं घर बहुधा जमिनीलगत असतं. आपल्याकडे वाकडला अकराव्या मजल्यावरचा एल आकाराचा सोफा धुवायचा, तर तो पाइप गॅलरीतून सोडावा लागेल, आणि नवव्या मजल्यावरच्या काकू त्यावर टॉवेल वाळत घालतील. तेव्हा आपल्याला सुटी मशीनंच बरी. चाकं असतात, लिफ्टमध्ये जातात, लिफ्टमनशी वाद घालताना टेकायलाही बरी पडतात.

वजनाचा हिशेब कागदावर करावा. आरसीवर भरलेल्या गाडीचं एकूण वजन असतं आणि रिकाम्या गाडीचंही असतं. वजाबाकी केली की हक्काचे किलो कळतात. वरचं सगळं सामान पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतं. त्यात दोन माणसं धरायची, कारण चालक हवेत तरंगत नाही. इथपर्यंत ईको कुरकुरत नाही. मग कोणाला तरी सुचतं, 'आपण 100 लिटरची पाण्याची टाकीच बसवून घेऊ.' एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे हा तिसरा माणूस झाला, आणि तोही प्रत्येक वळणावर इकडून तिकडे धावणारा. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी जास्त छळते: ब्रेक मारला की गाडी थांबते आणि पाठोपाठ पाणी येऊन पाठीत धपका घालतं. टाकीत आडव्या फळ्या नसतील तर नादच सोडा. पाणी ग्राहकाच्या बाथरूममध्ये असतंच. दुपारी पाणी बंद ठेवणाऱ्या सोसायट्यांसाठी 20 लिटरचे दोन बंद कॅन पुरे.

आता मांडणी. गाडीत काहीही चढवायच्या आधी हॉलमध्ये फरशीवर खडूने गाडीचा तळ आखायचा, चाकांच्या उंचवट्यांसकट, आणि मशीनं त्यात मांडून बघायची. प्रत्येक मशीनभोवती चार बोटं जास्तीची सोडायची, कारण कॅटलॉगमधल्या मापात पाइपाचं तोंड, वायरीचं वेटोळं आणि बाहेर आलेली मूठ धरलेली नसते. घरचे विचारतात, 'हे काय नवीन?' नवीन काही नाही, म्हणावं, बुद्धिबळाचा पट आहे, फक्त यात सगळेच हत्ती.

जड सामान खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे, हा पहिला नियम. सिंगल डिस्क अगदी मागच्या दाराशी ठेवलं तर गाडीचं बूड बसतं, नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पण ते पुढे ठेवलं की उतरवताना सगळ्यात शेवटी हाताशी येतं, आणि काम सुरू होतं नेमकं त्याच्यापासून. इथे सरकतं दार कामी येतं. जड मशीन बाजूने चढवायचं-उतरवायचं, हलकं मागून. हे ज्याला सुचत नाही तो रोज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ब्लोअर, पाइप, बादल्या मांडून बसतो, आणि येणारे-जाणारे भाव विचारतात.

चढवायला फळी लागते. गाडीचा तळ जमिनीपासून दोन फूट वर असेल आणि फळी सहा-साडेसहा फुटी असेल, तर चढ अठरा-एकोणीस अंशांचा होतो. चाळीस किलोचं मशीन तेवढ्यावर दोघांत जातं. तीन फुटी फळी घेतली तर तो चढ राहत नाही, सिंहगडाचा कडा होतो. पण साडेसहा फुटी फळी ठेवणार कुठे? घडीची घ्यायची आणि मशीनांच्या बाजूला उभी बांधायची. टपावर कॅरिअर लावून तिथे ठेवायचा मोह होतो. मग बेसमेंटच्या तोंडाशी उंचीचा आडवा दांडा दिसतो आणि चालक मान खाली घालतो, जणू त्याची मान खाली गेली की कॅरिअरही खाली जाईल.

मशीनं आडवी ठेवून जागा वाचवणारे पुष्कळ. त्यांनी मोटर रिवाइंडिंगचाही खर्च वाचवून ठेवावा. व्हॅक्यूमची टाकी रिकामी केली तरी तळाशी पेलाभर पाणी उरतंच. आडवं केलं की ते मोटरकडे जातं. सिंगल डिस्कचा ब्रश काढल्याशिवाय ते उभंही करू नये, कारण स्वतःच्या वजनाने ब्रशचे केस एका बाजूला झोपतात आणि दुसऱ्या दिवशी मशीन कार्पेटवर भांगडा करतं. बांधायला खटक्याने आवळायचा रॅचेटचा पट्टा, आणि तो अडकवायचा तळाला बोल्टने बसवलेल्या कडीत. हुकाची रबरी दोरी बांधणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: स्पीडब्रेकर तिला कळतो का? ती ताणते आणि मशीन परत पाठवते. तळावर 12 मिलीमीटरचा मरीन प्लाय, त्यावर रबर मॅट. साधा प्लाय एका पावसाळ्यात पापडासारखा फुगतो. रॅक बोल्टचा असावा, पण गाडीच्या बॉडीत वेल्डिंगची चिमणी पेटवण्याआधी आरटीओ आणि विमा यांची आठवण काढावी. गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची हरकत आहे.

सगळ्यात जास्त जागा खातात ते कॅन. वजनाने नव्हे, भांडणाने. ब्लीच आणि अ‍ॅसिड शेजारी ठेवायचं नाही. दोन्ही गळून एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद गाडीत तो चालकाच्या आधी कोणाला भेटणार? हायड्रोजन पेरॉक्साइड मेच्या उन्हात उभ्या गाडीत वायू सोडत राहतं, म्हणून त्याला हवा जाणारं झाकणच लागतं. घट्ट झाकणाचा कॅन पोटुशी होतो. इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने सीटच्या लगेच मागे गरम होतं, तिथे त्याला मुळीच बसवू नये. मग उरलेल्या एकुलत्या एका जागेसाठी सहा कॅन. एसटीत खिडकीसाठी होतं तसं.

आणि त्यातला नेमका लागणारा कॅन तळाशी असतो. मराठी घरातल्या सोफ्यावर दोन डाग हमखास: चहा आणि हळद. नेहमीचा प्री-स्प्रे, म्हणजे धुण्याआधी फवारायचं द्रावण, अल्कधर्मी असतो. तो पिवळ्या हळदीवर मारला की डाग जाणं लांबच, लालभडक होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ना, तीच ही रासायनिक क्रिया, फक्त क्रीम रंगाच्या सोफ्यावर आणि वहिनींच्या देखत. त्या क्षणी सायट्रिक अ‍ॅसिडचं रिन्स, म्हणजे वरून मारायचं आंबट पाणी, पाहिजे, ताबडतोब. ते मारलं की लाल पुन्हा पिवळं होतं आणि निदान मूळ दुःखापाशी परत येता येतं. पण तो कॅन अकरा मजले खाली, गाडीत, ब्लोअरच्या मागे, फळीच्या पलीकडे. हेल्पर लिफ्टकडे पळतो. वहिनी सोफ्याकडे बघतात, आपण पंख्याकडे. तेव्हापासूनचा नियम असा की हळदीचं अ‍ॅसिड आणि एक स्प्रे बाटली हातातल्या पिशवीत, गाडीत नाहीच.

वायरीचं थोडक्यात सांगतो. 2.5 चौरस मिलीमीटरची, 15 मीटरची, 16 अँपिअरच्या जाड पिनेची. जागा वाचवायला ती रिळावर ठेवतात ते ठीक, पण चालवताना पूर्ण सोडायची. गुंडाळलेल्या वायरीवर दीड किलोवॅट ओढला की आतली वेटोळी तापून चिकटतात. जाड पिनेला बारीक सॉकेटचं अडॅप्टर गाडीत ठेवूच नये. असलं की वापरलं जातं.

असं सगळं मोजून, आखून, बांधून सकाळी दार लागतं. एका हाताने लागतं. हीच गंमत आहे. संध्याकाळी तेच सामान, तीच गाडी, तीच माणसं, आणि दार लागत नाही. काही विकत घेतलेलं नसतं. पण सकाळचं सामान कोरडं होतं. 38 मिलीमीटर व्यासाच्या दहा मीटर पाइपात काठोकाठ भरलं तर अकरा लिटरहून जास्त पाणी मावतं. निथळल्यावरही अर्धा-पाऊण लिटर चॉकलेटी पाणी आत कुठेतरी बसून असतं. सकाळी चार वेटोळ्यांत गप्प बसलेला पाइप आता अजगर होतो: एक टोक दाबलं की दुसरं बाहेर. फडक्यांचं गाठोडं दुप्पट फुगलेलं. बादल्या एकात एक जात नाहीत, कारण एकीत ओले ब्रश आहेत. व्हॅक्यूमचं झाकण घट्ट लावावं तर सकाळी आत तळं शेवाळल्याचा वास, उघडं ठेवावं तर जागा नाही.

यावर उपाय असा: निघायच्या आधी पाइपातून दोन मिनिटं नुसती हवा ओढायची, दोन्ही टोकं एकमेकांत खुपसायची म्हणजे गळत नाही, आणि रात्री गाडीतून काढून टांगायचा. ओल्या फडक्यांसाठी झाकणाचा ड्रम, आणि तो सकाळी रिकामाच न्यायचा. म्हणजे सकाळी सांडायला निघालेल्या गाडीत एक रिकामा ड्रम मुद्दाम चढवायचा. हेल्परला हे कधीच पटत नाही. तो त्यात डबा ठेवतो.

शेवटी एक जण आतून धरतो, दुसरा बाहेरून खांदा लावतो, तिसऱ्या धडकेला कुलूप टक्कन वाजतं. दोघंही एक शब्द न बोलता पुढे जाऊन बसतात. गाडी गेटपर्यंत येते, आणि मागून वॉचमनकाका हातात सोफ्याचा हँड-टूल उंच धरून पळत येतात.

"ओ साहेब! हे तुमचंच ना?"