मोटरला जनरेटर जोडला म्हणून निसर्गाचा नियम तुटत नाही

एकच व्हिडिओ मला आतापर्यंत कितीतरी जणांनी पाठवला आहे. टेबलावर एक मोटर, तिच्या पुलीवरून पट्टा फ्लायव्हीलला, म्हणजे जड चाकाला, आणि तिथून अल्टरनेटरला, म्हणजे वीज तयार करणाऱ्या जनरेटरला. आधी मोटरला घरची वीज देतात. चाक वेगात आलं की मोटरची पिन काढून अल्टरनेटरच्या बोर्डात खोचतात. मोटर चालूच राहते आणि वर चार दिवेही लागतात. खाली मजकूर असा: विज्ञानाचा नियम मोडला, आता वीजबिल कायमचं बंद, आईनस्टाईनने न्यूटनला खोटं ठरवलं, तर हा नियमही तुटू शकतो, भास्कराचार्यांनी आठशे वर्षांपूर्वीच हे लिहून ठेवलंय, पेटंट मिळालंय, पण मोठ्या कंपन्या दाबून टाकतायत. नियम म्हणजे ऊर्जेचा: ती नव्याने तयार होत नाही, फक्त रूप बदलते.

मी मोटरी रिवाइंड करतो. परवा एक ओळखीचे शेतकरी हा व्हिडिओ घेऊन दुकानात आले. असा सेट बसवायला ते व्याजाने पैसे काढायच्या तयारीत होते. म्हणून हे लिहायला बसलो.

पहिला दावा: अल्टरनेटर मोटरला पुरेल एवढी वीज देतो आणि वर उरतेही.

काउंटरवर एक छोटी चुंबकवाली डीसी मोटर पडली होती, ती मी त्यांच्या हातात दिली. म्हटलं, दोन्ही वायरी मोकळ्या ठेवून शाफ्ट बोटांनी फिरवा. गरकन फिरला. मग वायरींची टोकं एकमेकांना पिळली आणि म्हटलं, आता फिरवा. शाफ्ट जड झाला, आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा. आत काहीच बदललं नव्हतं. फक्त तारेतून करंट वाहायला लागला होता, आणि तो वाहतो तेव्हा फिरवणाऱ्याच्या उलट्या दिशेने ओढतो. ज्यांनी सायकलला डायनामो लावून रात्रीची शाळा गाठली आहे त्यांच्या पायांना हे ठाऊक आहे.

अल्टरनेटरचंही तसंच. त्याच्यावर दिवा लावला की तो जड होतो, आणि तो जडपणा मोटरला ओढावा लागतो. आमच्याकडे मोटरच्या लाइनवर मीटर लावून बघितलं तर अल्टरनेटरवर १०० वॉटचे दोन बल्ब लावताच मोटरचा आकडा वर जातो, आणि ती वाढ २०० वॉटपेक्षा जास्त असते. हिशोब सरळ आहे. चांगली मोटर १०० वॉट घेऊन शाफ्टवर ८०च्या आसपास देते. अल्टरनेटर त्या ८०चे फार तर ६४ करतो. पट्ट्याचं घर्षण मी अजून धरलेलंच नाही. उरलेली वीज तांब्यात, स्टॅम्पिंगमध्ये (आतल्या लोखंडी पत्र्यांत) आणि बेअरिंगमध्ये उष्णता होऊन जाते. चालत्या मोटरच्या बॉडीला हात लावा, समजेल. फ्लायव्हील जोर साठवतं, तयार करत नाही. त्यामुळे पिन काढल्यावर सेट थोडा वेळ फिरतो आणि थांबतो. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

मग व्हिडिओत चालतं कसं? १८१३ साली न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स रेडहेफर नावाचा माणूस असंच आपोआप चालणारं यंत्र पैसे घेऊन दाखवत होता. आगबोटवाला रॉबर्ट फुल्टन ते बघायला गेला. यंत्राची चाल एकसारखी नव्हती, हाताने दांडा फिरवल्यावर येतो तसा हेलकावा तिच्यात होता. त्याने शेजारच्या दोन फळ्या उचकटल्या. आत तातीचा बारीक पट्टा निघाला, तो भिंतीतून वरच्या माळ्यापर्यंत गेलेला, आणि माळ्यावर एक म्हातारा दांडा फिरवत बसलेला. आज माळ्याची गरज नाही. टेबलाच्या पायातून वायर नेता येते, फ्लायव्हीलच्या पेटीत बॅटरी-इन्व्हर्टर मावतो.

दुसरा दावा: आईनस्टाईनने न्यूटनला खोटं ठरवलं.

याला मी जास्त जागा देतो, कारण यात अर्धं सत्य आहे. बुध ग्रहाची कक्षा हळूहळू फिरते आणि त्यातल्या शतकाला ४३ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मेळ न्यूटनच्या सूत्राने बसत नव्हता. तो १९१५ मध्ये आईनस्टाईनने बसवला. पण म्हणून विहिरीत टाकलेला दगड त्या दिवसापासून वेगळा पडायला लागला नाही. जुना नियम ज्या हद्दीत तपासला होता तिथे तो आजही चालतो; नव्या नियमाने हद्दीपलीकडचं सांगितलं. कधीकधी नियम खरोखर कोसळतोही. निसर्ग डावं-उजवं असा भेद करत नाही असं सगळे मानत होते. भौतिकशास्त्रज्ञ चिएन-शिउंग वू यांच्या कोबाल्टवरच्या प्रयोगाने १९५७ मध्ये ते चूक ठरवलं. त्याच वर्षी हा प्रश्न उभा करणाऱ्या ली आणि यांग यांना नोबेल मिळालं.

ऊर्जेच्या नियमाचीही अशी परीक्षा झालेली आहे. बीटा किरणोत्सर्गात, म्हणजे अणूच्या गाभ्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा, ऊर्जा कमी भरत होती. नील्स बोर यांच्यासारखा मोठा भौतिकशास्त्रज्ञ हा नियम सोडायला तयार होता. १९३० मध्ये दुसरे शास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली म्हणाले, न दिसणारा एखादा कण ती घेऊन जात असेल. १९५६ मध्ये तो कण, न्यूट्रिनो, प्रत्यक्ष सापडला. अख्ख्या प्रसरण पावणाऱ्या विश्वाची गोळाबेरीज करताना हा नियम नेहमीच्या रूपात लावता येत नाही, हेही खरं. पण टेबलावरची मोटर विश्वाच्या टोकाला नाही. तांबं, लोखंड आणि पट्टा ही या नियमाची सगळ्यात जास्त तपासलेली जागा आहे.

तिसरा दावा: भास्कराचार्य.

अर्ध्या भरलेल्या पाऱ्याच्या पोकळ आऱ्यांचं, आपोआप फिरणारं चक्र त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’त लिहिलं आहे, इसवी सन ११५०. पण ते फिरत नाही. एका बाजूचा पारा आसापासून लांब जातो हे खरं, पण तेव्हा दुसऱ्या बाजूला जास्त आऱ्यांतला पारा जवळ गोळा झालेला असतो. तोल बसतो आणि चाक थांबतं. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, तिथला शिलालेख आजही आहे. त्यांचं गणित इतकं मोठं आहे की न फिरणाऱ्या चाकाचा टेकू त्याला नको, आणि कुणाला फसवायला त्यांचं नाव वापरलेलं मला सहन होत नाही.

पेटंटबद्दल थोडक्यात. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३(अ) सांगतं की प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारी गोष्ट शोध धरलीच जात नाही. अर्जाचा नंबर दाखवतात, तो मंजुरीचा नसतो.

आणि दाबून टाकतात म्हणे. २०११ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून निघून ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेला पोचणारे न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद (सेकंदाचे ६० अब्जांश) आधी येताना दिसले. त्या शास्त्रज्ञांनी काय केलं? आकडे जगासमोर ठेवले आणि आमची चूक शोधा म्हणाले. शेवटी एक फायबर केबल नीट बसलेली नव्हती असं निघालं.

तुमच्या गावात कुणी हा सेट विकायला आला तर पैसे देण्याआधी त्याला सांगा: यंत्र टेबलावरून उचल, उघड्या अंगणात दोरीने टांग, आतलं सगळं खोलून दाखव, आणि दिवे लावून आठवडाभर आमच्यासमोर चालव. ते शेतकरी त्या दिवशी पैसे न काढता परत गेले. ती छोटी मोटर मी काउंटरवरच ठेवली आहे, वायरींची टोकं सोलून. कुणीही यावं आणि फिरवून बघावी.