‘अस्सल रंगातलं १८९६चं व्हेनिस’: रंग कुठून आले?

ही क्लिप एव्हाना तुमच्याकडेही आली असेल. ग्रँड कॅनॉलवरून नाव सरकते, काठचे गुलाबी-पिवळे महाल मागे पडतात, पाणी चुबचुबतं, घंटा वाजतात. खाली मजकूर: ‘१८९६ची मूळ फिल्म, अस्सल रंग-आवाजासह. एका प्रवाशाने सहज टिपलेली. हीच फिल्म ७ जुलैला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली होती!’

वर्ष बरोबर आहे. बाकीचं बघू.

आवाजाबद्दल फार बोलायला नकोच. ही फिल्म फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची, सिनेमाची सुरुवात करणाऱ्यांपैकी; त्यांच्या यंत्रात आवाज टिपायची सोयच नव्हती. ऐकू येतं ते हल्ली कुणीतरी चिकटवलेलं.

रंगांबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. कृष्णधवल चित्रात रंग दडलेले असतात आणि संगणक ते नुसते वर काढतो, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. त्यातून त्या काळच्या फिल्मवर निळा प्रकाश चटकन उमटे, लाल जवळजवळ उमटतच नसे. म्हणून निळं आकाश पांढरंफटक येई आणि लाल विटांची भिंत काळपट. त्या करड्या छटेवरून महाल गुलाबी होता की गेरूचा, हे ओळखणार कसं? संगणक आजच्या फोटोंवरून अंदाज ठोकतो. गोंडोला, म्हणजे तिथल्या लांबट नावा, काळ्या दिसतात, त्या तेवढ्या बरोबर. पण श्रेय व्हेनिसच्या जुन्या कायद्याचं. श्रीमंतांच्या भपक्याला आळा बसावा म्हणून त्या काळ्या ठेवायचा नियम झाला होता.

‘मूळ’ हा शब्दही टिकत नाही. हाताने हँडल फिरवून सेकंदाला साधारण १६ चित्रं घेतली जात. क्लिपवर ‘६० एफपीएस’, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, असं मिरवलंय. म्हणजे दर ६० चित्रांतली ४४ कॅमेऱ्याने कधी पाहिलीच नाहीत, ती संगणकाने मधेमधे भरली.

आणि ‘सहज’? चित्रण करणारा अलेक्झांद्र प्रोमिओ ल्युमिएरांचा पगारी माणूस होता. गावोगावी, देशोदेशी कॅमेरा घेऊन फिरणं हेच त्याचं काम. कॅमेरा जागेवर ठेवून हलती वस्तू टिपता येते, तर कॅमेराच हलवून स्थिर वस्तू का टिपू नये, हा विचार करून त्याने तो नावेत ठेवला. हे मालकांना पटेल का, याची त्याला धाकधूक होती. चित्रण ल्योंला, ल्युमिएरांच्या गावी, पाठवलं, पसंतीचा निरोप आला. सगळी फिल्म जेमतेम ५० सेकंदांची. क्लिप याहून लांब असेल, तर पुढचं कुठून आणलंय तेही विचारा.

राहिलं वॉटसन हॉटेल. तिथला ल्युमिएरांच्या फिल्मचा पहिला खेळ ७ जुलै १८९६चा, तिकीट एक रुपया. प्रोमिओने व्हेनिस टिपलं ऑक्टोबरमध्ये. म्हणजे त्या ७ जुलैला ग्रँड कॅनॉलची फिल्म वॉटसनमध्येच काय, ल्योंमध्येही नव्हती.