माळ्यावरचा टॅब

आज डोकं फिरलंय. लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना नातवाचा टॅब दिला. २०२० मध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, शाळा उघडली तसा माळ्यावर गेला, तो परवा खाली आला. मावशींची मुलगी दहावीला आहे. आज मी तिच्याबरोबर स्टेशनबाहेरच्या रिपेअरवाल्याकडे गेले. त्याने टॅब काउंटरवर उताणा ठेवून कोपऱ्याला बोट लावलं, तर तो गरगर फिरला. मागची बाजू फुगलेली, स्क्रीनची कड उचकटून आतला गोंद दिसत होता. "पोट आलंय ताई याला, चार्जिंगला लावू पण नका." पोरगी काही बोलली नाही. पिशवीत घातला परत.

घरी आल्यावर काकूंना सांगितलं, तर म्हणे, "अगं, शंभर टक्के चार्ज करून ठेवला होता मी!"

हो काकू, आणि तोही गच्चीच्या स्लॅबखाली. लिथियम बॅटरी फुल भरून उकाड्यात ठेवली की आतलं रसायन बिघडतं, गॅस धरतो, पोट येतं. टॅब बंद असला तरी चार्ज थेंबथेंब उतरतच असतो. फार खाली गेला की सेलमधला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि अशी बॅटरी पुन्हा चार्ज केली तर आत शॉर्ट व्हायची भीती. बिचाऱ्या टॅबने दोन्ही भोगलं.

करायचं काय? निम्मं चार्ज करा, पन्नास टक्के. स्लीपवर नाही, पूर्ण बंद. कव्हरमधून काढा. घरातल्या त्यातल्या त्यात थंड, कोरड्या खणात ठेवा. अ‍ॅपलवाले ३२ अंशांच्या खाली ठेवा म्हणतात. आपल्या मे महिन्यात माळ्यावर ते कसं जमायचं? दर सहा महिन्यांनी काढून परत निम्म्यावर आणायचं. बस! गव्हाला एरंडेल चोळून वर्षभर किडा लागू न देणाऱ्या बायका आपण, आणि पंधरा हजारांच्या वस्तूला वर्षातून दोनदा हात लावता येत नाही?

वेळ नसतो, मान्य. कितीही जपली तरी बॅटरी म्हातारी होतेच, तेही मान्य. मग शाळा उघडली तेव्हाच द्यायचा होता ना तो टॅब! तेव्हा जीव होता त्यात. आपल्याला नको झालेलं द्यायचं, तेही मेल्यावर, आणि वर 'दिला हो मी' म्हणून सांगत फिरायचं. ती पोरगी दुकानात "नवीन बॅटरी केवढ्याला पडेल?" असं इतक्या हळू विचारत होती की त्याला दोनदा "काय?" करावं लागलं. माझाच संताप संताप झाला.

काकू वाईट नाहीत. नातू आता परदेशात असतो. तो टॅब त्यांना देववत नसणार इतकी वर्षं, हे मला लिहिता लिहिता सुचतंय. बाबांचा फोन मीही ठेवलाय, त्यात त्यांचा आवाज आहे. पाडव्याला आणि दसऱ्याला काढते, निम्म्यापर्यंत चार्ज करते, एखादं रेकॉर्डिंग ऐकते, बंद करून ठेवते. सहा महिन्यांचा हिशेब आपोआप बसतो. काकूंनाही हेच सांगणार आहे, राग उतरल्यावर.

तो फुगलेला टॅब सध्या माझ्याकडे आहे. मावशींना म्हटलं, सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला तर पेट घेईल. ई-कचरा घेणाऱ्यांकडे मीच नेऊन देते. तुमच्याकडे असलं काही निघालं तर दाबून सपाट करायला जाऊ नका, टोचू तर मुळीच नका. आणि माळ्यावर चढलाच आहात तर जुन्या टॉर्चमधले, खेळण्यांमधले सेल काढून टाका, ते गळून आतल्या पट्ट्या खातात.

खाली कुणीतरी विचारणारच, फ्रिजमध्ये ठेवला तर? नका ठेवू. बाहेर काढला की आपल्या दमट हवेत पाणी धरेल, आणि परत त्याच रिपेअरवाल्याकडे जाल.