‘गाडीत नकाशा हवा तर फोन रूट करा’, म्हणे!

‘ग्राफीनओएस टाकलीत? मग गाडीतलं नॅव्हिगेशन विसरा’ या मथळ्याचा एक मजकूर सध्या फिरतोय. (ग्राफीनओएस म्हणजे गुगलच्या पिक्सेल फोनवर टाकायची, सुरक्षितता आणि गोपनीयतेवर भर देणारी अँड्रॉइडचीच वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे ओएस; गुगलची ॲप तिच्यात मुळात नसतात.) खाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘उपाय’. घरच्या ग्रुपवर आला तेव्हा दुर्लक्ष केलं. पण काकांनी तो वाचून पिक्सेलचा बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चढवणारा, एरवी कुलूपबंद असलेला प्रोग्रॅम) उघडायला घेतला, म्हणजे आता उत्तर देणं आलं. काका, हे तुमच्यासाठी, आणि ज्यांनी तो मजकूर न वाचता पुढे ढकलला त्यांच्यासाठीही.

मुद्दे असे. एक, गुगल नसेल तर जीपीएस चालत नाही. दोन, अँड्रॉइड ऑटो (फोनमधला नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारं गुगलचं ॲप) हवं तर बूटलोडर उघडा, मॅजिस्क नावाच्या साधनाने रूट करा (म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवा) आणि दिलेल्या लिंकवरची एपीके (ॲपची फाइल) टाका. तीन, केबल लावली तरी फोन नुसता चार्ज होतो, म्हणजे ओएसच सदोष. चार, गुगल खात्याशिवाय काहीच होत नाही. पाच, अँड्रॉइड ऑटो चालू केलं की गोपनीयता संपलीच, मग हा खटाटोप कशाला?

क्रम सोडून दुसऱ्यापासून सुरुवात करतो. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, पण या एकापायी लोकांचा डेटा जाईल.

बूटलोडर अनलॉक केला की फोन पुसला जातो. फोटो, चॅट, ऑथेंटिकेटरमधले लॉगिनचे कोड, सगळं. परत लॉक करताना पुन्हा एकदा. मजकुरात याबद्दल अवाक्षर नाही. बरं, रूट करून मग लॉक करू म्हणाल तर तेही जमत नाही. मॅजिस्क बूट इमेजमध्ये (फोन सुरू करणाऱ्या फाइलमध्ये) बदल करतं, ती बदललेली इमेज व्हेरिफाइड बूटच्या (सिस्टिम मूळचीच आहे ना हे पाहणाऱ्या) तपासणीत नापास होते आणि फोन सुरूच होत नाही. म्हणून रूटवाल्यांना बूटलोडर कायमचा उघडा ठेवावा लागतो. मग फोन सुरू होताना आत कोणती सिस्टिम चढतेय, मूळची की कुणी हात लावलेली, हे तपासायला कुणी उरत नाही. ज्या तपासणीसाठी ही ओएस घेतली तीच उखडून टाकायची, आणि कशासाठी, तर गाडीच्या स्क्रीनवर निळा बाण दिसावा म्हणून!

आपला फोन कोणत्या अवस्थेत आहे हे बघायला सोपी खूण आहे. पिक्सेल सुरू करा आणि पहिली काही सेकंद स्क्रीनकडे लक्ष ठेवा. ग्राफीनओएस टाकून बूटलोडर नीट लॉक केलेला असेल तर पिवळ्या खुणेची सूचना येते: या फोनवर वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम चढतेय. सोबत त्या सिस्टिमच्या सहीच्या किल्लीचा ठसा असतो, म्हणजे अक्षरं-आकड्यांची ओळ. ही सूचना नेहमीच येणार, तिला घाबरायचं कारण नाही. खूण नारंगी असेल तर मात्र बूटलोडर उघडा आहे.

आता ही रूटची कृती आली कुठून? इथे एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. अँड्रॉइड ऑटो हे कॅलक्युलेटरसारखं साधं ॲप नव्हे. नेहमीच्या फोनमध्ये ते सिस्टिमचाच भाग म्हणून येतं, आणि साध्या ॲपला कधीच न मिळणाऱ्या विशेष परवानग्या त्याला कारखान्यातूनच मिळालेल्या असतात. त्यामुळे नुसती एपीके टाकली तर ते चिन्ह दाखवतं, गाडीशी मात्र बोलत नाही. २०२३ च्या अखेरीपर्यंत ग्राफीनओएसवर याला सरळ मार्ग नव्हता, म्हणून लोक रूट करून ते सिस्टिममध्ये कोंबायचे. २०२३ च्या अखेरीस ग्राफीनओएसनेच अँड्रॉइड ऑटोची सोय दिली. मजकूर लिहिणाऱ्याने तेव्हाची शिळी कृती नवी म्हणून वाढली आहे.

ग्राफीनओएसच्या अधिकृत वापर-मार्गदर्शिकेत अँड्रॉइड ऑटोवर वेगळा भाग आहे. दहा मिनिटांत वाचून होतो. त्यातलं सार असं: गुगलचीच अधिकृत आवृत्ती ग्राफीनओएसच्या ॲप स्टोअरमधून घ्यायची. सुरुवातीला तिला एकही विशेष परवानगी नसते, इतर कुठल्याही ॲपसारखीच ती चौकटीत बंद असते. काय उघडायचं ते तुम्ही ठरवायचं.

प्रत्यक्षात करायचं ते असं. ओएससोबत आलेलं ‘ॲप स्टोअर’ उघडा (प्ले स्टोअर नव्हे), त्यातून सँडबॉक्स्ड गुगल प्ले (गुगलच्या प्ले सेवा, पण विशेष अधिकारांविना साध्या ॲपसारख्या चौकटीत बंद) घ्या, मग तिथूनच अँड्रॉइड ऑटो. मजकुरातल्या लिंकवरची एपीके इथे कुचकामी आहे, आणि ती कुणी बांधली हे कुणालाच ठाऊक नाही. मग सेटिंग्ज, ॲप्स, सँडबॉक्स्ड गुगल प्ले, अँड्रॉइड ऑटो या वाटेने जा. तिथे स्विच दिसतील: केबलने जोडण्यासाठी, वायरलेससाठी, आवाज गाडीकडे वळवण्यासाठी आणि फोन कॉलसाठी. प्रत्येक स्विच चालू करताना एक चौकट येते आणि या परवानगीने ॲपला नेमकं काय मिळणार ते सांगते. ती चौकट वाचा. हो, वाचाच.

केबलला लागतं कमी. वायरलेसला जास्त द्यावं लागतं, कारण ओळखपाळख ब्लूटूथवर होते आणि चित्र-आवाजाचा सगळा भार मग वायफायवर जातो. दोन्ही हाताळायची मुभा ॲपला हवी. म्हणून गाडीत यूएसबी पोर्ट असेल तर केबलच वापरा. फोन कॉल गाडीतून घ्यायचे नसतील तर चौथा स्विच बंद राहू द्या. पहिल्यांदा सुरू होताना ॲप कॉन्टॅक्टही मागतं. तिथे ‘कॉन्टॅक्ट स्कोप्स’ निवडा: परवानगी मिळाली असं ॲपला वाटतं आणि हाती लागते रिकामी यादी.

‘केबल लावली तरी नुसतं चार्जिंग होतं.’ होतं, खरंय, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय. सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी, त्यात एक्सप्लॉइट प्रोटेक्शन, त्यात यूएसबी-सी पोर्ट उघडून बघा. मूळची निवड आहे ‘लॉक असताना फक्त चार्जिंग’. फोन लॉक असताना कुणी केबल जोडली तर डेटाची वाट बंदच राहते, आणि हे हार्डवेअरच्या पातळीवरही होतं. फोन कुणाच्या हाती पडला तर पोर्टमधून आत शिरता येऊ नये यासाठी हा बंदोबस्त आहे. गाडीत लोक काय करतात? खिशातून लॉक असलेला फोन काढतात, केबल खुपसतात आणि मग अनलॉक करतात. क्रम उलटा करा: आधी अनलॉक, मग केबल. एकदा जोडणी झाली की नंतर स्क्रीन लॉक झाली तरी ती तुटत नाही. वाटेत केबल हलून सुटली आणि तेव्हा फोन लॉक असेल, तर मात्र पुन्हा अनलॉक करून जोडावी लागेल. ‘ऑन’ निवडून हा प्रश्न कायमचा मिटवता येतो, पण तो बंदोबस्तही मिटतो. माझं मत विचाराल तर क्रम बदलणं स्वस्त पडतं.

तरीही चार्जिंगच होत असेल तर केबल बदला. कित्येक केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. आणि गाडीतला प्रत्येक पोर्ट स्क्रीनला जोडलेला नसतो, काही फक्त चार्जिंगचे असतात.

वायरलेसवाल्यांच्या दोन ठेचा. व्हीपीएनमध्ये (इंटरनेटची ये-जा दुसऱ्या सर्व्हरमधून नेणाऱ्या सोयीत) ‘व्हीपीएनशिवाय जोडणी अडवा’ चालू असेल तर गाडी आणि फोन यांच्यातली वायफायची गाठ बसता बसता सुटते. अँड्रॉइड ऑटोला व्हीपीएनमधून वगळून भागत नाही, कारण हा पर्याय वगळलेल्या ॲपचीही वाट अडवतो. तो बंद करून मग वगळा, नाहीतर केबल घ्या. दुसरी ठेच म्हणजे ब्लूटूथ आपोआप बंद होण्याची सोय. कधीतरी उत्साहात ती चालू केलेली असते आणि रोज सकाळी ‘गाडी फोन ओळखत नाही’ म्हणून तक्रार.

आता जीपीएस. ‘गुगल नसेल तर जीपीएस चालत नाही’ हे वाचून कपाळावर हात मारून घेतला. उपग्रह वरून संकेत पाठवतात, फोन ते ऐकतो. किमान चार उपग्रह ऐकू आले की जागा आणि उंची दोन्ही निघतात. यात इंटरनेट नाही, सिमकार्ड नाही, गुगल तर नाहीच. पडताळायचं असेल तर जीपीएसटेस्ट नावाचं मुक्त ॲप घ्या, एअरप्लेन मोड लावा, उघड्या आभाळाखाली उभे राहा. उपग्रहांच्या पट्ट्या एकेक करून वर चढताना दिसतील.

मग काहींना ‘चालत नाही’ असं का वाटतं? एक कारण वेळेचं. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघे ५० बिट या वेगाने पाठवतो, आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. बाहेरची काही मदत नसेल तर पहिली जागा सापडायला अर्धा मिनिट तरी लागणारच, आणि गाडी झाडांखालून, पुलांखालून पळत असेल तर अर्धवट ऐकलेलं वाया जाऊन पुन्हा सुरुवात. ही माहिती इंटरनेटवरून आधीच आणून देणाऱ्या सोयींना पीएसडीएस आणि एसयूपीएल म्हणतात. ग्राफीनओएसमध्ये त्या आहेतच, फक्त विनंत्या मूळ निवडीनुसार त्यांच्याच मध्यस्थ सर्व्हरमार्फत जातात. सेटिंग्जच्या लोकेशनमध्ये जाऊन त्या बंद केल्या असतील तर वाट बघा, किंवा निघण्याआधी उघड्यावर एक-दोन मिनिटं थांबा.

दुसरं कारण जरा खरं आहे. बरीच ॲप जागा ओएसला विचारत नाहीत, थेट गुगल प्ले सर्व्हिसेसला विचारतात. ती नसेल तर ॲप आ वासून बसतं. सँडबॉक्स्ड प्ले टाकलं असेल तर ग्राफीनओएस या विनंत्या आपोआप ओएसकडे वळवतं. या वळवण्याचा स्विच मुळातच चालू असतो आणि प्ले सर्व्हिसेसला लोकेशनची परवानगी द्यावी लागत नाही. तळघरातल्या पार्किंगमध्ये मात्र उपग्रह ऐकू येणार नाहीत. तिथे वायफायवरून जागा काढणारी ‘नेटवर्क लोकेशन’ची सोय लागते. ग्राफीनओएसमध्ये ती आहे, पण मुळात बंद असते.

बाण भलतीकडे फिरत असेल तर नकाशाच्या ॲपची सेन्सर्सची परवानगी तपासा. होकायंत्र आणि जायरोस्कोप (फोन किती वळला ते मोजणारा सेन्सर) तिच्याखाली येतात. लोकेशन ‘अंदाजे’ दिलं असेल तर ॲप तुम्हाला तीनेक चौरस किलोमीटरमध्ये कुठेतरी ठेवेल. वळणं त्याला कशी सांगता येणार?

खात्याचा मुद्दा फुसका आहे. अँड्रॉइड ऑटो ॲप स्टोअरमधून खात्याशिवाय येतं, गुगल मॅप्सही लॉगिन न करता रस्ता दाखवतं. ऑरगॅनिक मॅप्स, कोमॅप्स, ऑस्मअँड ही तर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशावर चालणारी ॲप, नकाशा फोनमध्येच उतरवून घेतात. एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या स्टोअरवरून घेतलेलं ऑरगॅनिक मॅप्स गाडीच्या स्क्रीनवर दिसत नाही म्हणून लोक हैराण होतात. कारण अँड्रॉइड ऑटो प्ले स्टोअरबाहेरची ॲप लपवतं. त्याच्या सेटिंग्जमध्ये तळाला ‘आवृत्ती’वर दहादा टिचकी मारा, डेव्हलपर सेटिंग्ज उघडतील, त्यात ‘अज्ञात स्रोत’ चालू करा आणि केबल काढून पुन्हा लावा. रस्ता दिसतो पण आवाज नाही? मजकूर बोलून दाखवणारं टेक्स्ट-टू-स्पीच इंजिन बसवलेलं नसेल. ईस्पीक एनजी हे तसं इंजिन टाका. त्यात मराठीही आहे, यंत्रमानवी सुरात का होईना.

आणि अँड्रॉइड ऑटो नकोच असेल तर स्टँडवर फोन, ब्लूटूथवर आवाज. एवढ्यानेही भागतं.

राहिला पाचवा मुद्दा. काही गोष्टी मान्य: सँडबॉक्स म्हणजे अदृश्य होणं नव्हे. गुगल मॅप्स वापरलंत तर त्या प्रवासापुरती तुमची जागा गुगलला कळणार. ओपनस्ट्रीटमॅपवाल्या ॲपमध्ये वाहतूककोंडीची ताजी माहिती मिळत नाही, आणि घरक्रमांक शोधताना ती अनेकदा हात वर करतात. ही तडजोड आहे, प्रत्येकाने आपापली ठरवावी. पण ‘म्हणून सगळंच उघडं टाका’ हा निष्कर्ष म्हणजे खिडकीची कडी सैल आहे म्हणून दारही काढून ठेवण्यासारखा. ठरावीक परवानग्या घेऊन चौकटीत बसलेलं ॲप आणि रूटच्या जोरावर सिस्टिममध्ये घुसवलेलं ॲप, यांच्यात फार अंतर आहे.

गंमत म्हणजे खरी गळती जिथून होते त्याबद्दल मजकुरात शब्द नाही. गाडी! मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ कार ब्रँडची गोपनीयता तपासली, एकही पास झाला नाही. ब्लूटूथ जोडताना फोन विचारतो, ‘कॉन्टॅक्ट आणि कॉल इतिहास द्यायचा का?’ लोक घाईत हो म्हणतात आणि अख्खी यादी गाडीच्या स्क्रीनमागच्या मेमरीत उतरते. तिथे ग्राफीनओएसचा काही इलाज नाही, कॉन्टॅक्ट स्कोप्सचाही नाही. त्या परवानगीची खूण काढूनच जोडा. आधी दिली असेल तर फोनमध्ये ‘हे डिव्हाइस विसरा’ करून भागत नाही, यादी गाडीत तशीच राहू शकते. गाडीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तिथून फोनचं नाव काढा, आणि गाडी भाड्याची किंवा विकायची असेल तर चावी देण्याआधी स्क्रीन फॅक्टरी रीसेट करा.