खोली स्वस्त, पण भरती-ओहोटीचं काय?

‘किनाऱ्यापासून ३० किलोमीटर आत राहिलात तर फक्त अर्ध्या तासाचा प्रवास वाढतो’ हे, समुद्रकिनारच्या सुट्टीत किनाऱ्यापासून दूर स्वस्त खोली घ्या असं सुचवणाऱ्या लेखातलं वाक्य नुसता नकाशा बघून लिहिल्यासारखं वाटतं. गेल्या सुट्टीत आम्ही नेमकं हेच केलं. खोली खरंच स्वस्त, प्रशस्त, रात्री शांतता. त्याबद्दल तक्रार नाही. पण गर्दीच्या दिवसांत सकाळी दहानंतर निघालं की शेवटच्या ५ किलोमीटरलाच तास जातो, आणि पार्किंग मिळेपर्यंत मुलांचा उत्साह मावळलेला असतो. परतताना ओले टॉवेल, सीटच्या फटीत वाळू. ती अजून निघतेय.

लेखात भरती-ओहोटीचा उल्लेखच नाही, ही मला मोठी उणीव वाटली. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावर राहणारा माणूस गॅलरीतून पाणी बघतो आणि मग चपला घालतो. आम्ही मात्र लागोपाठ दोन दिवस ऐन भरतीत पोचलो. चालायला वाळूची जेमतेम पट्टी उरलेली. तिसऱ्या दिवशी शहाणे झालो. आदल्या रात्री वेळा पाहिल्या, पहाटे साडेपाचला निघालो, ऊन चढायच्या आत परत. तेव्हा कुठे पैसे वाचल्यासारखे वाटले! आणि हो, समुद्रावरचा दुपारचा वारा इतक्या आत येईपर्यंत बराच मंदावतो. खोलीत एसी आहे का, ते बुकिंगआधी विचारा. आम्ही नव्हतं विचारलं.