मीठ-चुन्याने सात दिवसांत गोचीड जाते?

सध्या एक संदेश सगळीकडे फिरतो आहे: "अंगणात खडे मीठ आणि चुना फेका, कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी शिंपडा, संध्याकाळी धुरी करा, कुत्र्याला भाकरीतून लसूण द्या, चिकटलेली गोचीड रॉकेल लावून काढा. सात दिवसांत पिसवा-गोचिडी कायमच्या जातील, डॉक्टरांची गरज नाही." यातल्या दोन गोष्टी नीट केल्या तर उपयोगी आहेत. दोन घातक आहेत. बाकीची नुसती मेहनत.

आधी "सात दिवस". गाईच्या अंगावर गोचीड पिल्लापासून मोठी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी गळून पडते आणि गोठ्याच्या भेगेत दोन-तीन हजार अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्ले काही महिने उपाशी राहू शकतात. पिसू तर कोशात महिनोन्‌महिने पडून राहते आणि जवळ कुणाची चाहूल, ऊब लागली की बाहेर येते. म्हणून सलग दोन-तीन महिने काम करावे लागते. मध्येच सोडले की पुन्हा पहिल्यापासून.

मिठाने तुळस आणि मोगरा मरेल, पिसू नाही. पहिल्या सरीत ते वाहूनही जाते.

चुन्याची गोष्ट वेगळी. भुकटी फेकू नका, कुत्र्याचे पंजे आणि जीभ भाजते. आधी भिंतीच्या, गव्हाणीच्या भेगा सिमेंटने किंवा शेणमातीने बुजवा, मग चुन्याची सफेदी द्या. खरा फायदा भेग बुजण्याचा आहे, कारण अंडी तिथेच असतात. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड भिंतीवर चढून फटीत अंडी घालते, म्हणून नुसती जमीन धुऊन भागत नाही.

कडुनिंब कामाचा आहे, पण पाल्याचे पाणी फार कमजोर. ताकद निंबोळीच्या बियांत असते. 500 ग्रॅम भरडलेली निंबोळी दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, पाणी घालून 10 लिटर करा आणि त्यात 20 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा. साबण नसेल तर द्रावण पसरत नाही, ओघळून जाते. हा 5 टक्के अर्क त्याच दिवशी वापरा आणि संध्याकाळी फवारा, कारण उन्हात त्याची ताकद जाते. तो कीड लगेच मारत नाही, तिची कात टाकणे बिघडवतो. म्हणून दर 8–10 दिवसांनी फवारणी हवी. फवारा मात्र जिथे कीड असते तिथेच: कुत्र्याच्या बसायच्या जागेखाली, ओट्याच्या कडेला, लाकडाच्या ढिगाऱ्यामागे. कोरड्या, उन्हाने तापलेल्या मोकळ्या अंगणात पिसवेची अळी जगत नाही, तिथे अर्क वाया जातो. कुत्र्याचे गोणपाट मात्र दर आठवड्याला उकळत्या पाण्यात घालाच. पिसवांची अंडी काही दिवसांतच फुटतात, त्यामुळे आठवडा चुकवू नये.

धुरीने डास थोडा वेळ हटतात. भेगेतल्या गोचिडीला ती पोचत नाही.

लसूण अजिबात नको. लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या गोचीडतापात त्या आधीच घटलेल्या असतात. मांजराला तर धोका आणखी जास्त. रॉकेलने कातडी भाजते आणि डिवचलेली गोचीड लाळ आत सोडते. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरा, न पिळता सरळ, एकसारखी ओढा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. नखाने चिरडायची सवय सोडा. गुजरातमध्ये 2011 साली आढळलेला क्रिमियन-काँगो ताप हा माणसाला होणारा जीवघेणा आजार गोचीड चावण्यातून पसरतो, तसा उघड्या हाताने गोचीड चिरडण्यातूनही.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात आणखी एक काळजी. माकडताप हा गोचिडीतून माणसाला होणारा आजार, पण त्याची गोचीड जंगलातली आहे, ती अंगणातल्या फवारणीने आटोक्यात येत नाही. जनावरांखाली अंथरायला रानातला पालापाचोळा आणू नका.

उपाय लागू पडतो का, हे बघायला पांढरे मोजे घालून ओट्याच्या कडेने दोन मिनिटे चाला. पिसवा असतील तर मोज्यावर काळे ठिपके उड्या मारताना दिसतील.

आणि डॉक्टर. हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी कॉफीच्या रंगाची झाली, ताप चढला किंवा मानेखांद्याजवळ गाठी आल्या, तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. तो आजार रक्तात शिरलेला असतो, तिथे अंगणातले कोणतेही फवारे पोचत नाहीत.