लिंबू-मिठाने दात शिवशिवायचे थांबत नाहीत, उलट जास्त शिवशिवतात

सध्या एक संदेश जोरात फिरतोय: ‘थंड-गोड लागून दात शिवशिवत असतील तर लिंबाच्या रसात मीठ कालवून जोर लावून घासा. आठवड्यात एनॅमल भरून येतं. सेन्सिटिव्ह पेस्ट म्हणजे नुसती जाहिरात. फारच कळ आली तर लवंगेचं तेल लावा.’ यातलं शेवटचं वाक्य तेवढं अर्धं खरं आहे.

‘एनॅमल भरून येतं.’ नाही येत. एनॅमल म्हणजे दातावरचं कडक कवच. ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंतच असतात. लाळ आणि फ्लोराइड मऊ पडलेला थर पुन्हा कडक करू शकतात, पण झिजून गेलेला थर गेलाच.

‘लिंबू-मीठ घासा.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं, आणि लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ असतो. आधी आम्लाने थर मऊ करायचा आणि मग मिठाच्या खड्यांनी तो खरवडायचा! हिरडीलगत एनॅमल मुळातच पातळ. तिथे आतलं डेंटिन उघडं पडतं. त्यात अतिशय बारीक नळ्या असतात. थंड किंवा गोड लागलं की त्यांतला द्रव हलतो, नस चेतते आणि कळ येते. म्हणून आंबट खाल्ल्यावर फक्त पाण्याने चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने करा.

‘पेस्ट म्हणजे जाहिरात.’ डब्यावरचे घटक वाचा. पोटॅशियम नायट्रेट (सहसा ५ टक्के) नस शांत करतं, तर स्टॅनस फ्लोराइड नळ्यांची तोंडं बुजवतं. नायट्रेटचा गुण यायला रोज दोनदा वापरून २ ते ४ आठवडे लागतात. लोक चार दिवसांत कंटाळतात. दुसरी चूक म्हणजे घासल्यावर खळखळून चूळ भरणं. त्याने औषध वाहून जातं, म्हणून फेस नुसता थुंका. ब्रश मऊ हवा, मुठीत न आवळता पेनासारखा धरायचा. पेस्ट वाटाण्याएवढी, वेळ २ मिनिटं. झोपताना दुखऱ्या जागी बोटाने थोडी पेस्ट चोळून ठेवली तरी चालते.

लवंगेतलं युजेनॉल दात थोडा वेळ बधिर करतं, पण नळ्या बुजवत नाही. निव्वळ तेल हिरडीला लागलं तर ती भाजते.

साधी शिवशिव काही सेकंदांत ओसरते. कळ अर्धा मिनिट रेंगाळत असेल, गरमाने ठणका लागत असेल, रात्री झोपमोड होत असेल किंवा चावताना एकाच दातात सणक जात असेल, तर कीड, तडा किंवा सुजलेल्या नसेची शक्यता असते. तिथे पेस्टचं काम नाही. दातांचे डॉक्टर गाठा. नेमाने ४ आठवडे पेस्ट वापरूनही फरक पडला नाही, तरीही.